शंभर खाचांची चकती

फंग-युआन, २६ मे १९९७

मेहुणे क्वो तंग-ख यांस,

या दोन हातांनी आजवर केलेल्या वस्तू अशा. पंधराव्या वर्षी, भंगारातल्या शिलाई मशीनच्या चाकावर, पायाने फिरवायचं धार लावण्याचं यंत्र. बाविसाव्या वर्षी एक लेथ. त्याचा बिछाना, म्हणजे ज्यावर सगळं सरकतं तो लोखंडी पाया, अकरा महिने हाताने खरवडून सपाट केला, आणि आजही त्यावर कागदाची जाडी पकडता येते. सायकलच्या आऱ्यांना आटे पाडायची तीन मशीनं, पैकी दोन अजून चालू आहेत आणि तिसरं मालकाने पुरात बुडवलं. आईच्या गुडघ्यांसाठी उठताना वर येणारी खुर्ची. आणि चष्म्याच्या काडीला बिजागरीची खाच पाडणारं मशीन, जे तुमच्या तायनानच्या कारखान्यात दाराशी पहिलंच उभं आहे. मी सहावीपुढे शाळेत गेलो नाही आणि कुणा उस्तादाच्या हाताखाली राहिलो नाही. जे येतं ते उघडून, मोडून, परत जोडून आलं.

हे सगळं लिहायचं कारण, तुमच्या पत्रात ‘घरगुती काम’ असा शब्द आला आहे.

तुम्ही लिहिता की २२ तारखेला दुपारनंतर एकशे चाळीस काड्यांची खाच ०.२ मिलिमीटर पुढे गेली. एप्रिलमध्ये असं झालं तेव्हा दोष कटरचा होता, तो बोथट झाला होता. पण तेव्हाच मोटरचाही विचार केला. ही मोटर पावलापावलाने चालते. तिला आठशे पावलं टाक म्हटलं की ती निघते. मध्ये अडखळली तर ते तिलाही कळत नाही आणि सांगणाऱ्यालाही कळत नाही. म्हणूनच ११ मेच्या रविवारी येऊन मी मोटरच्या शेपटीला एन्कोडर बसवून दिला. पितळी चकती, कडेला शंभर खाचा, एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला डोळा. मोटर खरंच किती फिरली ते तो मोजतो, आणि कमी पडलं तर नियंत्रकाला सांगून तेवढं भरून घेतो. त्या शंभर खाचा मी डिव्हायडिंग हेडवर, गोलाचे समान भाग पाडणाऱ्या साधनावर, एकेक करून कापल्या. त्याआधी इथे अंगणात याच जातीच्या दुसऱ्या मशीनवर तो दहा दिवस चालवून पाहिला. एक पाऊल चुकलं नाही.

तेव्हा प्रश्न मशीनचा नाही. प्रश्न असा, की २२ तारखेला दुपारी त्याला हात कुणी लावला?

याच जातीची तीन मशीनं मी एन्कोडरसकट दुसरीकडे दिली आहेत. तुमचं मशीन परत आलं तर आठवड्याच्या आत अख्ख्या फंग-युआनला कळेल, आणि मग माझ्या दारात गिऱ्हाईक उभं राहणार नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून विचारतो.

जान पिंग-नान


फंग-युआन, २९ मे

म्याव-चू,

हे पत्र कारखान्याच्या नव्हे, तुझ्या माहेरवाल्या मैत्रिणीच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवतो आहे.

मोटरच्या मागे जी काळी डबी आहे तिच्यात मी एक आकडा ठेवला आहे. एन्कोडरला मोटर कमी पडलेली दिसली आणि त्याने भरपाई केली, की तो एकने वाढतो. डबीखालचं बटण दाबलं की दिसतो. रोज संध्याकाळी सगळे गेले की तेवढा बघ आणि लिहून ठेव. तंग-खला सांगायची गरज नाही. सांगितलंस तर तो बघण्याआधी पुसेल.

तुझ्या नवऱ्यावर माझा काही राग नाही. पण माझ्या मशीनचं पोट कुणीतरी उघडतंय, असं मला वाटतं.

दादा


तायनान, २ जून

दादा,

तुमची यादी वाचली. मला क्षणभर वाटलं, तुमच्या अंत्ययात्रेत वाचायचं भाषण चुकून माझ्याकडे आलं. आईची खुर्ची मात्र खरंच चांगली आहे, ते कबूल.

मशीनला कुणीही हात लावलेला नाही. चालवतो तो म्हातारा छ्यू, नियमाची कड सोडत नाही म्हणून ज्याला सगळे ‘चौकोनी’ म्हणतात. त्याला तुम्ही ओळखता, तो डोळ्यातलं कुसळ काढायलाही सुट्टी मागत नाही. काड्या चुकल्या त्या दिवशी तो सकाळी सातपासून तिथेच होता. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा हवेचा फवारा मारून त्याने मशीन सुरू केलं, तर सगळं ठीक. म्हणजे रात्रीत आजार आपोआप बरा झाला. असा आजार स्वस्त मोटरला होतो असं ऐकतो. इथे लोक म्हणतात की तुम्ही जुन्या छपाईयंत्रांतून काढलेल्या मोटरा वापरता. मी त्यांच्याशी भांडलो, पण मनात प्रश्न राहिलाच.

ओसाकाचं गिऱ्हाईक एकदा माफ करेल, दुसऱ्यांदा नाही. खाच सरकली की चष्मा नाकावर तिरका बसतो. आणखी दोनदा असं झालं तर मशीन परत पाठवायला मी ट्रक बोलावणार. मेहुणा आहे म्हणून कारखाना बुडवता येत नाही.

आणि त्या काळ्या डबीत लाल दिवा कसला? आधी नव्हता.

तंग-ख


तायनान, २३ जून

दादा,

आधी हे सांगते की पानात बांधून पाठवलेले भाताचे मुटके वहिनीने पुन्हा उकडले की मग खायचे आहेत, तू तसेच थंड खाऊ नकोस.

तू सांगितलंस तसं रोज लिहिलं. वही ठेवली तर यांना दिसेल, म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं रोज फाडायचं पान घेतलं आणि मागे आकडा टाकला. सगळी पानं सोबत बांधली आहेत. बहुतेक दिवशी शून्य, कधी एक, कधी दोन. पण ६ जूनला तीनशे बारा आणि २० जूनला दोनशे ऐंशी. दोन्ही दिवशी काड्या चुकल्या, ६ ला साठ, २० ला नव्वद. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शून्य.

तू विचारशील म्हणून लिहिते, नाहीतर लिहिलं नसतं. दोन्ही शुक्रवार. आणि मे महिन्यापासून काही शुक्रवारी एक माणूस येतो, करडी गाडी, टाय. हे त्याला कचेरीत नेतात आणि दार लावून घेतात. मी चहा घेऊन गेले तर बोलणं थांबतं. मला नाव सांगत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "वेळ आली की कळेल. तोवर तुझ्या भावाला काही कळवू नकोस."

मला हे आवडत नाही, दादा. नवऱ्याच्या मशीनखाली वाकून बटण दाबणारी बाई मी व्हायला नको होते.

म्याव-चू


फंग-युआन, २७ जून

मेहुणे क्वो तंग-ख यांस,

६ जून, शुक्रवार. २० जून, शुक्रवार. त्या दोन दिवशी तुमच्याकडे कोण आलं होतं ते मला माहीत आहे. नाव नाही, गाडीचा रंग माहीत आहे.

अडखळलेली मोटर चार-चार पावलांनी चुकते. मोटर ज्या स्क्रूने काडीचं मेज पुढे सरकवते, त्यावर चार पावलं म्हणजे ०.१ मिलिमीटर, आठ म्हणजे ०.२. तुमच्या काड्या नेमक्या ०.२ ने चुकल्या. म्हणजे चालत्या मेजाला कुणीतरी धरलं. कुणीतरी मेज अडवून आत वाकून मापं घेत होतं, असा माझा अर्थ आहे. माझ्या मशीनची नक्कल करायची तर त्याला स्क्रूची चाल आणि चकतीच्या खाचा मोजाव्याच लागतील.

नकाशे हवे होते तर माझ्याकडे मागायचे. मी दिले नसते, पण मागायचे.

जान पिंग-नान


तायनान, ४ जुलै

दादा,

तर त्या डबीत हेर बसवला होतात. आणि हेराचा हेर म्हणून माझी बायको.

तिने सगळं स्वतःहून सांगितलं, तुमचं शेवटचं पत्र वाचून. ती रडली. तुम्ही लेथचा बिछाना अकरा महिने खरवडलात ना, तसंच आमचं घर खरवडताय. मी दिवसाला किती काड्या काढतो, कधी मशीन बंद ठेवतो, हे सगळं तुम्हाला त्या डबीतून कळत होतं का? हे मशीन मी विकत घेतलं आहे. माझ्या कारखान्यात कोण येतं हे तुम्हाला सांगायला मी तुमचा नोकर नाही.

तो माणूस मशीनजवळ गेला होता. एकदा. हात मागे बांधून पाहिलं आणि परत आला. तो कोण, हे आता मी सांगणार नाही. इतका संशय आहे तर संशयातच राहा.

तंग-ख


तायनान, ६ ऑगस्ट

दादा,

महिनाभर तुमच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण हे कळवणं भाग आहे.

जुलैभर एक काडी चुकली नाही. तुम्हाला आनंद झाला असेल, कारण करडी गाडीही जुलैत आली नाही. पण परवा ४ ऑगस्टला, सोमवारी, पुन्हा तेच. दुपारी दोनपासून. त्या दिवशी बाहेरचं कुणी आलं नाही. मी स्वतः, हो मी, छ्यूच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो, कारण तुमच्या पत्रांनी मलाही सगळ्यांवर संशय घ्यायची सवय लागली आहे. छ्यूवर, कामावरच्या पोरींवर, मांजरावर. मेजाला कुणी धरलं नाही. तुमच्या डबीचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर पळत होता आणि खाच सरकत होती.

आता उरला एकच आरोपी. तो दाराशी उभा आहे आणि त्याच्या पोटावर तुमच्या नावाची पट्टी आहे. ट्रक २५ तारखेला सांगितला आहे.

तंग-ख


फंग-युआन, ९ ऑगस्ट

मेहुणे क्वो तंग-ख यांस,

ट्रक थांबवा असं म्हणत नाही. पण त्याआधी एक चाचणी करा. विनंती समजा.

पुन्हा असं होईल तेव्हा मशीन बंद करू नका आणि हवेचा फवारा मारू नका. डायल गेज, म्हणजे काट्याने सरकणं मोजायचं घड्याळ, दोन ठिकाणी लावा. एकदा मेज मूळ जागी असताना, एकदा ते खाच पाडायला वीस मिलिमीटर पुढे गेल्यावर. मोटर अडखळत असेल तर मेज परत येतानाही चुकलेलंच असेल, आणि मूळ जागाही सरकलेली दिसेल. मूळ जागा बरोबर आणि फक्त पुढची चूक असेल तर गोष्ट वेगळी आहे.

कशी वेगळी ते आत्ता लिहीत नाही. मला स्वतःला ती खरी निघू नये असं वाटतं.

त्यानंतर मोटरच्या शेपटीचे दोन स्क्रू काढून चकती तशीच, न पुसता, न फुंकता, कागदात गुंडाळून पाठवा. कडेने धरा.

जान पिंग-नान


तायनान, १९ ऑगस्ट

दादा,

काल झालं. सोमवारीच, दुपारी. तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. छ्यूने गेज धरला, मी आकडे वाचले, म्याव-चूने लिहिले. तिघांनाही एकमेकांचे हात दिसत होते, म्हणजे कुणाला काही म्हणायला नको.

मूळ जागा: शून्य. वीस वेळा पाहिली, वीस वेळा शून्य.

पुढची जागा: ०.२० जास्त. वीसच्या वीस वेळा ०.२०.

चकती सोबत आहे. मी पुसली नाही. म्याव-चू म्हणते, त्यावर काहीतरी चमकतंय.

तंग-ख


फंग-युआन, २२ ऑगस्ट

तंग-ख,

पुडकं काल दुपारी आलं. भिंगाखाली ठेवलं. सदतिसाव्या खाचेत जळलेल्या कागदाची एक कपची अडकली आहे, आणि तिच्या कोपऱ्यावर सोन्याच्या वर्खाचा ठिपका अजून शाबूत आहे.

पूजेत जाळतात तो सोनेरी कागद.

मग मी म्याव-चूने पाठवलेली दिनदर्शिकेची पानं काढली. जूनपासून ती माझ्या खणात आहेत. मी मागचा आकडा पाहिला, पुढची मोठी तारीख पाहिली, वार पाहिला. खाली बारीक लाल अक्षरांत चांद्र तिथी असते ती पाहिली नाही. ६ जून: पाचव्या महिन्याची दुसरी. २० जून: सोळावी. मग उरलेले दिवस पंचांगात काढले. २२ मे, चौथ्याची सोळावी. ४ ऑगस्ट, सातव्याची दुसरी. १८ ऑगस्ट, सोळावी. जुलैत दुसरी आणि सोळावी दोन्ही रविवारी आल्या. कारखाना बंद, भूमिदेवाला नैवेद्य तुम्ही घरीच दाखवला असणार.

धंदा करणारा कोणता माणूस महिन्याच्या दुसरीला आणि सोळावीला दारात मेज मांडून कागद जाळत नाही? मीही जाळतो. माझी बायको मागच्या बोळात, स्वयंपाकघरापलीकडे जाळते, म्हणून माझ्या अंगणात दहा दिवसांत काही दिसलं नाही. कागद जाळायचं तुमचं पिंप दारात असतं, मशीन दाराशी पहिलं आहे, आणि तुमचा पंखा वारा आत ओढतो.

चकती तापू नये म्हणून झाकणाला मी सहा फटी ठेवल्या होत्या. तेल, लोखंडाचा चुरा, चष्म्याच्या काडीचा भुसा, सगळ्याचा विचार केला होता. राखेचा केला नव्हता. चकतीवर स्क्रूच्या तेलाचा पुसट थर असतो, त्याला राख चिकटते. एक खाच बुजली की प्रत्येक फेरीला एक खाच कमी मोजली जाते, म्हणजे ०.०५. वीस मिलिमीटरला चार फेऱ्या, म्हणजे ०.२०. मोटर बरोबर चालली होती. एन्कोडरला ती कमी चाललेली दिसली, म्हणून त्याने तिला पुढे ढकललं. परत येतानाही तीच खाच बुजलेली, म्हणून हिशेब जुळून मूळ जागा शून्य. सकाळी छ्यू हवा मारतो आणि कपची उडून जाते.

मोटरने एकही पाऊल चुकवलं नाही. तिच्यावर नजर ठेवायला मी जो बसवला, तो चुकला. त्याला घडवलं मी, आणि त्याच्या शब्दावर तुम्हाला चोर म्हणालो.

नवं झाकण काल रात्रीपर्यंत केलं. फटी नाहीत, कडेला नमद्याचं, दाबलेल्या लोकरीचं कडं. रविवारी घेऊन येतो. ट्रक आला तर मीही ट्रकबरोबर परत येईन.

म्याव-चूला सांगा, पिंप हलवायचं नाही. जिथे जाळते तिथेच जाळू दे. मशीनला ते सोसलं पाहिजे.

पिंग-नान


तायनान, ५ सप्टेंबर

दादा,

ट्रक परत पाठवला हे तुम्ही पाहिलंतच. परवा दुसरी होती. म्याव-चूने मुद्दाम नेहमीच्या दुप्पट कागद जाळला, धुराने छ्यू खोकून बेजार झाला आणि तुमचा आकडा शून्य. ओसाकाचं गिऱ्हाईक राहिलं.

आता माझं ऐका. करड्या गाडीतला माणूस ताय-चुंगचा यंत्रांचा व्यापारी आहे, ह्वांग. तो नक्कल करायला आला नव्हता. तुमचे नकाशे विकत घ्यायला आला होता आणि आधी माझ्याकडून तुमचा अंदाज घेत होता. मला वाटलं, पक्कं होईपर्यंत तुम्हाला सांगू नये, कारण तुम्ही ऐकायच्या आधीच नाही म्हणता. मग तुम्ही चोर म्हणालात आणि माझंही तोंड बंद झालं. जुलैत मीच त्याला येऊ नको म्हणालो होतो.

तो ९ तारखेला फंग-युआनला येईल. त्याला चहा द्या. माणूस चांगला बोलतो.

तंग-ख


फंग-युआन, १२ सप्टेंबर

तंग-ख,

ह्वांग आला होता. दोन तास बसला, लेथच्या बिछान्यावर बोट फिरवून पाहिलं, म्हणजे काही कळतं त्याला. चहा दिला.

त्याच्या आधीच्या आठवड्यात मी उरलेल्या तिन्ही मशीनांकडे जाऊन आलो, स्वतःच्या तोंडाने राखेची गोष्ट सांगितली आणि झाकणं बदलली. लू-खांगच्या माणसाने जेवायला बसवलं. चांग-ह्वाच्या माणसाने हसून सांगितलं की तो ख्रिस्ती आहे, कागद जाळत नाही. ता-लीच्या माणसाने मशीनच परत केलं. म्हणाला, ज्याची एक गोष्ट लपून राहते त्याच्या चार असतात. ते आता अंगणात उभं आहे, ताडपत्रीखाली. गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलं आहे. तुम्हाला आधी लिहिलं होतं की असं झालं तर काय होईल. ते होतंय. या आठवड्यात कुणी आलं नाही.

हे सगळं मी ह्वांगला सांगितलं. तो म्हणाला, मग एन्कोडर काढूनच टाका. मोटरा आता चांगल्या येतात, वर्षातून दोनदा अडखळतील, गिऱ्हाईक कटरला शिव्या देईल. मोटरच्या शेपटीचं गोल झाकण मात्र राहू द्या, आणि वर ‘एन्कोडरसहित’ अशी पट्टी. किंमत त्याच पट्टीची आहे.

वर तो म्हणाला, "जान साहेब, झाकणाच्या आत काय आहे ते कोण बघतंय?"

मी म्हणालो, "मी."

त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. त्याने तिथेच रक्कम वाढवली, खिशातून कागद काढून लिहून दिली आणि सही केली. कागद ठेवून गेला. बायकोने तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आहे, मी काढला नाही.

त्यात तुमचा वाटा किती ठरला होता, ते मी विचारत नाही. मनात आलं नाही असं मात्र नाही. संशय एकदा हातात बसला की सुटायला वेळ लागतो. तुम्ही सांगितलंत तर ऐकेन.

माझं नाव, सगळे नकाशे, आणि दोन वर्षं त्याच्याकडे सल्लागार, एवढ्यासाठी ह्वांगने देऊ केलेली रक्कम बत्तीस लाख तैवानी डॉलर होती, एकरकमी. काल त्याला पत्र टाकून नाही म्हणून कळवलं.

पिंग-नान